गुणपत्रकाला कुंकवाचं बोट

आप्पा जाऊन वर्ष व्हायला आलं. त्यांचा विषय निघाला की आई त्यांच्या खोकल्याविषयी बोलते, दवाखान्यातल्या दिवसांविषयी बोलते. मला मात्र आठवतं ते एक पाकीट, आणि ते कुणाला सांगायला गेलं की फार क्षुल्लक वाटतं.

मी चाकणच्या एका कंपनीत सांडपाण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. कारखान्यातून निघालेलं पाणी तपासायचं, आकडे भरायचे, शिफ्ट संपली की कंपनीच्या बसनं चिंचवडला परत. या पाण्याचं नीट शिक्षण घ्यावं, इंद्रायणीवर जो पांढरा फेस तरंगतो तो मुळात कसा थांबवता येईल एवढं तरी कळावं, असं बरीच वर्षं मनात होतं. जर्मनीत तसा एक अभ्यासक्रम होता. देशोदेशीच्या विद्यार्थ्यांसाठी, इंग्रजीतून. बसमध्ये खिडकीशी बसून मी त्याची माहिती पुन्हा पुन्हा वाचत असे. कुठल्या सत्रात कोणता विषय आहे, हे मला पाठ झालं होतं.

अर्ज संगणकावर भरायचा होता. गुणपत्रकांच्या प्रती मात्र मी शिकले त्या विद्यापीठानं स्वतः पाकिटात घालून, पाकीट चिकटवून, झाकणाच्या जोडावर शिक्का मारून द्यायच्या आणि ते पाकीट न उघडता तिकडे पाठवायचं, असा नियम होता. शिक्का तुटला की आतले कागद बाद. विद्यापीठाकडून ते पाकीट टपालानं घरी आलं तेव्हा मी कामावर होते.

आप्पा, माझे वडील, मूळचे चाकणजवळच्या गावातले. तरुणपणी भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये लेथ मशीनवर कामाला लागले आणि थांबायचं वय उलटून गेलं तरी जात राहिले. त्यांची एक रीत होती. नवं काम आलं की त्याच्या ड्रॉइंगच्या कोपऱ्यात ओल्या कुंकवाचं एक बोट लावायचं आणि मगच मशीन सुरू करायचं. गिऱ्हाईक काय म्हणेल, म्हणून शेठ कुरकुरायचे. आप्पा ऐकायचे नाहीत.

मी घरी पोचले तर ते दारातच उभे होते.

"आलं बघ तुजं. देवाम्होरं ठिवलंय."

देव्हाऱ्यापुढे पाटावर गुणपत्रकं मांडलेली होती. प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात, विद्यापीठाच्या ठशाशेजारी, कुंकवाचं बोट. पाकीट बाजूला होतं. सुरीनं झाकण नीट, सरळ कापलेलं. शिक्क्याचे दोन भाग झाले होते.

"फोडलंत?"

"मग? बंद पाकिटाला कुकू लावून काय उपेग? आतल्या कागदाला लागाया पायजे."

"मी म्हणत होते, तिला येऊ द्या," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "पण ऐकतील तर ना! घरात आलेल्या नव्या कुकरलासुद्धा बोट लावून झालंय यांचं."

"आन् तो कुकर अजून चालतोय का न्हाई?" आप्पा हसत म्हणाले.

मी त्यांना नियम सांगितला. त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. मग त्यांनी चष्मा लावून पाकीट हातात घेतलं, झाकणाचे दोन्ही काठ जुळवून पाहिले. "खळ करतो मैद्याची. चिकटवू परत." मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी पाकीट खाली ठेवलं आणि हात धोतराला पुसत राहिले, बराच वेळ.

दुसऱ्या दिवशी मी रजा काढून विद्यापीठात गेले. मी नको म्हणत असतानाही आप्पा बरोबर आले.

"एकदा दिलंय ना मॅडम?" खिडकीतल्या कारकुनानं विचारलं.

"ते उघडलं गेलं."

मी पुढे काही बोलण्याआधी आप्पांनी खिडकीत डोकं घातलं. "सायेब, चूक माजी हाय. पोरीची न्हाई."

कारकून वाईट माणूस नव्हता. "काका, चूक कुणाचीही असू द्या," तो म्हणाला, "अर्ज नव्यानंच करावा लागेल. आणि सही करणारे साहेब रजेवर आहेत."

नवं पाकीट मिळेपर्यंत तिकडची मुदत संपली होती.

पुढच्या वर्षी करू, असं मी म्हणाले आणि मनातही तसंच होतं. आप्पा मात्र बदलले. त्यांच्याबरोबर लेथवर काम करणारे एक चाचा आमच्याकडे येत असत. दसऱ्यानंतर आले तेव्हा आप्पांसमोरच आईला म्हणाले, "वहिनी, यंदा यांनी मशीनला बोटसुद्धा लावलं नाही. हार मी घातला, कुंकू मी लावलं. मी म्हटलं, अरे, मी मुसलमान माणूस, मला कुठं येतंय तुमचं हे?" आई हसली. आप्पा म्हणाले, "तुज्या हातचं बरं. माजा हात चांगला न्हाई."

दुसऱ्या अर्जाचं पाकीट आलं त्या दिवशी मी मुद्दाम घरी थांबले होते. पोस्टमनचा आवाज ऐकताच आप्पा चपला घालून खाली गेले. मी ते पाकीट कुरियरला देऊन आले, तेव्हाही ते सोसायटीच्या पायऱ्यांवर बसलेले होते. "गेलं का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटल्यावर वर आले.

नकाराची मेल आली तेव्हा ते दवाखान्यात होते. छातीत पाणी झालं होतं. अर्ज पुष्कळ आले, आपली निवड होऊ शकली नाही, एवढंच लिहिलेलं होतं. ते रोज विचारत, म्हणून मी सांगितलं.

"माज्यामुळं," ते म्हणाले.

"नाही हो आप्पा. ते पहिलं पाकीट त्यांच्यापर्यंत गेलंच नाही. त्यांना माहीतसुद्धा नाही."

"तू म्हंतीस."

मी निवड समितीला लिहिलं. माझ्यात काय कमी पडलं ते कळवा, गुण असोत, अनुभव असो, इंग्रजी असो. मला प्रवेशाची आशा उरली नव्हती. एक कारण हवं होतं, म्हणजे ते आप्पांना वाचून दाखवता आलं असतं. तुमची पोरगी कमी पडली, इतकं स्पष्ट कुणी लिहिलं असतं तरी मी आनंदानं वाचलं असतं.

उत्तर लवकर आलं. समिती प्रत्येकाला वेगळं कारण कळवत नाही, पुढील वाटचालीस शुभेच्छा. मी खाटेशी बसून ते मराठीत सांगितलं. त्यांनी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क थोडा बाजूला केला.

"म्हंजी सांगत न्हाईत."

"कुणालाच सांगत नाहीत आप्पा. नियम आहे त्यांचा."

"सांगाया वंगाळ वाटत आसंल त्यास्नी," ते म्हणाले आणि मास्क पुन्हा जागेवर नेला.

त्यानंतर त्यांनी हा विषय काढला नाही. थोड्याच दिवसांत ते गेले.

यंदा प्रवेश सुरू झाल्याची मेल आली. प्रयोगशाळेतली मैत्रीण म्हणते, कर अर्ज, वय कुठं गेलंय. आईही म्हणते, जा, मी राहीन. मी ती मेल अजून पुसलेली नाही, उघडलेलीही नाही. उद्या प्रवेश मिळाला, तरी दोष त्यांचा नव्हता हे ज्यांना पटवायचं होतं, ते ऐकायला नाहीत. सकाळी बस येते, मी चाकणला जाते, पाणी तपासते.