वाढत्या अंगाचा वेटसूट

"भाऊ, एक नंबर मोठाच काढा. धुतल्यावर आटतं."

आई हे माझ्याशी नाही, दुकानदाराशी बोलत होती. माझ्या कपड्यांची चर्चा नेहमी दोन मोठ्या माणसांत होते आणि मी मध्ये हँगरसारखी उभी असते. मी चोवीस वर्षांची आहे, अंबरनाथहून रोज नोकरीला जाते, पण हँगरपदावरून अजून बढती मिळालेली नाही.

"रबर है भाभी, आटणार नाही," दुकानदार म्हणाला. "पर बडा लेना अच्छा. आत हवा खेळती राहील."

दुकान उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये, बाहेर रेनकोट आणि हेल्मेटं टांगलेली. आत निर्यातीतून परत आलेल्या मालात चार वेटसूट, म्हणजे पाण्याखाली घालायचे रबरी पोशाख, होते. मी स्कूबा डायव्हिंग शिकत होते. दर रविवारी बदलापूरच्या एका तलावात सराव, आणि मग मालवणला समुद्रात शेवटची परीक्षा. तलावात सरांनी दिलेला सैल सूट घालून मी इतकी काकडायचे की ते एकदा म्हणाले, "अशीच थरथरत राहिलीस तर समुद्रात नाही नेणार तुला. पाण्याखाली मास्क काढून परत लावायचा असतो, हात स्थिर हवेत." म्हणून स्वतःचा सूट.

वेटसूट कसा निवडायचा हे मला तोंडपाठ होतं. तो अंगाला घट्ट हवा. कापड आणि कातडी यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर अडकतो, आपल्याच उबेने तापतो आणि तेच आपलं पांघरूण. सूट सैल असला की गार पाणी आत येत-जात राहतं. म्हणजे दुकानदाराची हवा खेळली, की मी गोठले. हे सगळं मी मनात, स्वच्छ इंग्रजीत, मुद्देसूद मांडलं. शाळेत आम्हाला प्रश्न विचारल्यावर उत्तर द्यायला उत्तम शिकवलं होतं. कोणी विचारलंच नाही तर काय करायचं, तो धडा बहुधा ऑप्शनला टाकला असावा.

मास्क मात्र मी नीट निवडला, कारण त्यासाठी बोलावं लागत नाही. पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवायचा, नाकाने श्वास आत ओढायचा आणि हात सोडायचे. मास्क चिकटून राहिला तर तो आपल्या चेहऱ्याचा. तिसरा राहिला. "अगं बाई, श्वास घे!" म्हणत आईने तो ओढून काढला.

सूट मोठाच आला. आईच्या भाषेत वाढत्या अंगाचा.

तो घरी कसा धुवायचा-वाळवायचा, हेही मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कामावरून परतले तर आईने तो साबणाच्या पावडरीत खळबळून, खांद्याला चिमटे लावून उतरत्या उन्हात घातलेला आणि इस्त्री तापत ठेवलेली. मी गुपचूप इस्त्रीचं बटण बंद केलं आणि चिठ्ठी लिहून फ्रिजवर लावली: साध्या पाण्यात धुणे, उलटा करून सावलीत वाळवणे, रुंद हँगरवर टांगणे, घडी नको, इस्त्री तर नकोच. आईने आधी चिठ्ठीतल्या वेलांट्या दुरुस्त केल्या आणि मग सूट सावलीत हलवला.

पुढच्या रविवारी तलावात त्या सुटाच्या पाठीत इतकं पाणी भरलं की मी माणूस कमी आणि पखाल जास्त दिसत होते. दहा मिनिटांत दात वाजायला लागले. सरांनी मला काठावर बसवलं. "शुक्रवारी मालवणला निघायचंय. तोवर हा सूट अंगाला बसव, नाहीतर पुढच्या बॅचला ये."

पुढची बॅच म्हणजे पावसाळ्यानंतर. आणि आमच्या घरात पावसाळ्यानंतरच्या माझ्या सगळ्या तारखा स्थळं बघण्यासाठी राखून ठेवलेल्या होत्या.

मी घरी एवढंच सांगितलं, "सैल होतोय." आईने सुटाची बाही चिमटीत धरून पाहिली. "हे तर माझ्या गुडघ्याच्या पट्ट्याचंच कापड! उद्या चल, तो पट्टा शिवणारा मास्टर आहे कॅम्प चारात." मला नेटवर तासन्‌तास शोधून जे सापडलं नव्हतं, ते तिच्या गुडघ्यावर होतं.

मास्टरच्या गाळ्यात कमरेचे आणि गुडघ्याचे पट्टे ढिगाने पडले होते. त्याला या कापडाची खरोखर जाण होती. जादाचं कापून दोन्ही कडा समोरासमोर आणून रबराच्या सोल्युशनने चिकटवायच्या आणि वरून बारीक टीप मारायची, म्हणजे पाणी शिरत नाही आणि अंगाला काचत नाही. मी कपड्यांवरून सूट चढवला. पाय सरकेनात, तर मास्टरने पायांत प्लास्टिकच्या पिशव्या घालायला दिल्या. त्याने पाठीत, कमरेत खडूच्या रेघा मारल्या आणि कात्री उचलली.

"मास्टर," आई म्हणाली, "एकदम कापू नका हं. आत दोन बोटं मार्जिन ठेवा. लग्नानंतर मुलींचं अंग भरतं."

"ते तर आहेच ताई," म्हणत मास्टरने कात्री खाली ठेवली. "दुमडून शिवतो. पाणी थोडं येईल, काचेल पण जरा. नंतर उसवून देऊ."

"बघ, किती सोपं," आई मला म्हणाली.

दोघं माझ्या डोक्यावरून एकमेकांशी सहमत झाले होते. मास्टरने दुमडीची नवी रेघ मारायला खडू घेतला. मी गळ्यापर्यंत रबरात, पायांत पिशव्या, शुक्रवार चार दिवसांवर. घशाशी आलं ते आधी इंग्रजीतच होतं. ते मी गिळलं. मग बाहेर आलेला आवाज इतका मोठा होता की शेजारच्या गाळ्यातली शिलाई मशीन थांबली.

"मार्जिन नको, मास्टर, कापा. आणि आई, माझं अंग भरेल तेव्हा मी दुसरा घेईन."