मेंढा काय प्यायला

दारूबंदीच्या काळात, एका सोमवारी सकाळी, पौडच्या बाजारात एका धनगराच्या मेंढ्याने जमादाराला दोनदा धडक देऊन पाडले. मेंढा पिसाळला असे ठरले. जमादाराने बंदूकवाल्याला बोलावणे धाडले. धनगराने मेंढा ओढत गुरांच्या दवाखान्यात आणला. जमादार मागोमाग आला.

तिथल्या कंपाउंडरकडे मी गाय घेऊन नेहमी जात असे. हा गृहस्थ जनावरांना अहो-जाहो करी आणि माणसांना अरे-तुरे. जमादारही त्यातून सुटला नव्हता.

"या, बसा," तो मेंढ्याला म्हणाला. मेंढा आडवाच झाला. कंपाउंडरने त्याच्या तोंडाचा वास घेतला आणि पुढ्यात पाण्याची बादली ठेवली. मेंढा घटाघटा पाणी प्यायला.

"ह्ये पिसाळल्याले न्हाईत. ह्यांनी घेतलीया. दारू आधी भीती मारती, मग पाय."

"माजी मेंढरं दारू पीत न्हाईत," धनगर म्हणाला.

"कुटं पाजलीस ते सांग, न्हाईतर आत टाकतो," जमादार त्याच्यावर खेकसला.

"त्याला कशाला दटावतोस?" कंपाउंडर म्हणाला. "काल धाडीत धरलेलं दारूचं रसायन तू कुटं वतलंस?"

जमादार म्हणाला, "चौकीमागच्या डबक्यात."

बंदूकवाला दारातूनच परत गेला.

कंपाउंडरने वहीत 'आजार: नशा' असे लिहिले आणि कारणाचा रकाना भरण्यासाठी टाक जमादारापुढे धरला. जमादाराने तो घेतला नाही.

दुपारी चारला मेंढा उठला आणि धनगरामागे सरळ चालत गेला. रकाना कोरा राहिला.