पोस्टरले घातलेला हार

तुम्ही आधी चहा संपवा, मंग सांगतो. नाही तर हसता हसता अंगावर सांडाल अन् दोष मले द्याल! आयुष्यात गोंधळ पुष्कळ केले बाप्पा, पण असा गोंधळ करायले माणूस माझ्यासारखाच लागते.

तेव्हा मी आमच्या महाल मोहल्ल्यात सायकलरिक्षा चालवत होतो. हळू. माझ्या रिक्षातली सवारी कंटाळून उतरते अन् पायी चालत माझ्या आधी पोचते, असं टपरीवाला धोंडबा सांगत सुटायचा. खोटं आहे. एकदाच झालं तसं.

आमच्या गल्लीतल्या भांड्याच्या दुकानवाल्याचा पोरगा प्रभाकर. त्याले सिनेमा काढायचं खूळ. कुठून तरी जुना कॅमेरा आणला अन् एक दिवस माझ्यासमोर उभा.

"सोमाजीकाका, तुमच्यावर सिनेमा काढतो."

"माह्यावर? काहून गा? शहरातले हिरो सरले का?"

"तुम्ही फक्त रिक्षा चालवा."

"थे त मी रोजच चालवतो."

"तेच पाहिजे, काका!"

झालं! एका म्हातारीले मी महालातून धंतोलीच्या दवाखान्यात नेतो, एवढाच सिनेमा. बारा मिनिटांचा. बोलणं नाही, मारामारी नाही. निदान एक गाणं तरी टाक म्हटलं, तर तेही नाही!

सिनेमा तयार झाला अन् प्रभाकरच्या बापानं अट घातली. "शाळेच्या हॉलात एक डाव दाखव तुहा सिनेमा. चाळीस लोक आपल्या पायानं पाहाले आले, त कॅमेरा तुहा. नाही आले, त कॅमेरा विकायचा अन् सोमवारपासून गुपचूप दुकानात बसायचं."

पोराचं तोंड एवढंसं झालं. मले राहवलं नाही. म्हटलं, "जाहिरात माह्याकडे दे. चाळीस काय, चारशे आणतो!"

त्यानं पुठ्ठ्याचे तीन पोस्टर केले. मधात माझा हा एवढा फोटो. खाली 'सोमाजी', म्हणजे सिनेमाचं नावच ते. त्याखाली बारीक अक्षरात 'लघुपट', अन् अगदी तळाशी शनिवारी संध्याकाळी सहा वाजता, शाळेचा हॉल, सर्वांनी यावे. हे त्यानं मले वाचून दाखवलं. आपल्याले काय, अक्षरं म्हणजे मुंग्यांची रांग!

शुक्रवारी पहाटे चौकात कोणी नव्हतं, तेव्हा मी एक पोस्टर धोंडबाच्या बंद टपरीवर, एक रिक्षा स्टँडवर अन् एक शाळेच्या फाटकावर टांगला. मागे सरून पाहिलं, तर कसे भुंडे दिसून राहिले! आता तुम्हीच सांगा, सीताबर्डीच्या टॉकीजवर नवा सिनेमा लागला की लोक हिरोच्या फोटोले हार घालतात का नाही? मंग मी काय कमी हिरो?

झेंडूचे तीन जाड हार आणले, घातले. कपाळाले कुंकू लावलं. वरून उदबत्ती खोचली. हार एवढे दांडगे, की 'लघुपट' त्याखाली पार झाकून गेलं. मले कसं कळावं?

मेलेल्या माणसाच्या फोटोलेही हार घालतात, हे मले माहीत नव्हतं का? होतं ना! पण मी तर जिवंत होतो!

मंग घराले कुलूप लावलं, बायकोले, गयाले, सोबत घेतलं अन् पहिल्या एसटीनं लेकीच्या गावी गेलो, तिले सिनेमाले आणायले.

शनिवारी येताना एसटी पंक्चर. हॉलवर पोचलो तर सव्वासहा. अन् काय सांगू! बाहेर चपलांचा ढीग. आत पाय ठेवायले जागा नाही. खुर्च्या भिंतीले लावून सारे लोक खाली सतरंजीवर बसलेले, माना खाली. बाया पदर तोंडाले लावून हुंदके देऊन राहिल्या.

लेक म्हणाली, "बाबा, सिनेमा लई दुःखाचा दिसते."

"अजून सुरू कुठी झाला वं? मशीन त बंद हाय!"

समोर धोंडबा बोलत होता. डोळ्यांत पाणी. "सोमाजी म्हंजे देवमानूस. हळू चालवे, पन सवारीले कधी खरचटू देल्लं नाही. असा मानूस पुन्हा होनार नाही!"

मले भरून आलं. वाटलं, वा रे प्रभाकर, माझा सत्कारच ठेवला! गर्दीतून वाट काढत पुढे गेलो, हात जोडले अन् म्हटलं, "पुरे कर गा धोंडबा. तोंडावर एवढी तारीफ बरी नाही."

धोंडबा मटकन खाली बसला. दोन बाया किंचाळल्या. एका म्हाताऱ्यानं डोळे मिटून रामनाम सुरू केलं. अन् माझा पुतण्या उठून उभा राहिला. डोकं गुळगुळीत!

"काका! तुम्ही जिते आहा?"

"मंग काय!"

"अन् माह्ये केस?"

मशीनच्या तारा जोडण्यात गुंतलेला प्रभाकर धावत आला. "काका, हॉल भरला! पण लोक सिनेमाच्या आधीच काहून रडून राहिले?"

सारा उलगडा झाला तेव्हा त्याचा बाप उठला. "हे लोक सिनेमाले नाही, मयतीले आले. मी धरत नाही."

पोराचं तोंड पुन्हा एवढंसं. अन् या वेळी ते माझ्यामुळे! मी लोकांपुढे हात जोडले. "बाप्पाहो, चूक माही हाय, पोराची नाही. ज्याले जायचं थो खुशाल जा. पन आलेच आहा त बारा मिनिटं बसा ना जी."

चार-दोन जण पुटपुटले. उठलं कोणीच नाही.

दिवे गेले, मशीन खरखरलं अन् भिंतीवर मी! घाम पुसत पुलाचा चढ चढून राहिलो, मागे म्हातारी पदर सावरून राहिली. रडलेले तेच लोक हसायले लागले. चढ संपला तेव्हा तर टाळ्या पडल्या! अन् सिनेमा संपल्यावर धोंडबाच ओरडला, "अजून एक डाव लाव गा! मले सोमाजीले नीट पाहू दे!"

दुसऱ्या डावालेही कोणी हललं नाही. प्रभाकरच्या बापानं टेबलावरचा कॅमेरा उचलला, धोतराच्या सोग्यानं पुसला अन् पोराच्या हातात ठेवला.

महिन्याभरानं प्रभाकरनं सिनेमा पुन्हा लावला. या वेळी हार नाही, उदबत्ती नाही. रिक्षावर भोंगा बांधून मी दोन दिवस साऱ्या महालात ओरडत फिरलो, "सोमाजी स्वतः हजर राहणार हो!"

आले सात. त्यात चार आमच्या घरचे.

मी हिरमुसून गयाले विचारलं, "लोक काहून आले नाही वं?"

ती म्हणाली, "अजी, जितेपनी तुमाले पाहाले कोन येईन? तुमी त चौकात रोज फुकटात दिसता!"