आत्याचा लंबर

आमच्याकडे नंबर नव्हता, लंबर होता. हसायचं असेल तर हसा. पुढे मी मास्तरीण झाले आणि पोरांकडून ‘नंबर’ घोटून घेतला, पण घरी पाय ठेवला की माझ्याही तोंडून लंबरच निघायचा. इंग्रज गेले, त्यांचे साहेब गेले, हा एक शब्द मात्र आमच्या गावात राहून गेला आणि प्रत्येकाने त्याला आपापल्या कामाला जुंपलं.

आमचं गाव अनसिंगच्या अलीकडे. शेतांना नावं होती, पण तलाठ्याच्या तोंडी फक्त लंबर, म्हणून आमचा बापही सकाळी उठून विचारायचा, “तेवीस लंबरात कोन गेलं?” कापसाच्या गाड्या सरकी काढायला वाशिमच्या जिनावर गेल्या की त्यांचा लंबर लागेपर्यंत माणसं दोन-दोन दिवस गाडीखाली पडून राहायची. कोणी फार लबाड निघाला तर तो एक लंबरचा. चष्म्याचा लंबर गावात एकट्या मास्तरांना होता, आणि तो त्यांच्या हुशारीचा आहे अशी बऱ्याच जणांची समजूत होती. म्हातारे पारावर बसून “आता माहा लंबर” म्हणत राहायचे. ज्याचा खरंच लागायचा तो आदल्या दिवशीपर्यंत चकार शब्द काढत नसे.

पण सगळ्यात पक्का लंबर विहिरीवरचा. उन्हाळ्यात पाणी झिरपून यायला वेळ लागे, म्हणून बाया पहाटे घागर रांगेत ठेवून कामाला जायच्या. घागर उभी म्हणजे बाई उभी. तिला कोणी हात लावत नसे. त्यातही एक रिवाज होता. ज्या घरी बाई अडलेली आहे, बाळंतपण चालू आहे, त्या घरची घागर मागे असली तर पुढच्या बाईने आपली घागर उचलायची, तिच्या जागी नेऊन ठेवायची आणि तिची पुढे आणायची. अदलाबदल झाली, संपलं. घागरीवर कोणाचं नाव नसतं, आणि उद्या आपल्याही घरी तीच वेळ येणार असते.

हा रिवाज माझ्या आत्याने जन्मभर पाळला. ती वडिलांपेक्षा बारा-चौदा वर्षांनी मोठी, लवकर विधवा होऊन माहेरी आलेली. एक डोळा लहानपणीच देवीत गेला होता. उरलेल्या एका डोळ्यावर तिने आमच्या घरी पंचवीस-तीस वर्षं कापूस वेचला, आणि तिच्याइतकी वेचणी कोणाची होत नसे. मी चौथीत गेले तेव्हा, म्हणजे एकोणीसशे पन्नासच्या पुढची पाच-सहा वर्षं झाली असतील, त्या डोळ्यातही पांढरं उतरायला लागलं. ती बोंड हाताने चाचपून वेचायची आणि कापसात पाला यायचा. आई काही बोलत नसे, पण रात्री कापूस पुन्हा निवडायला बसायची. आत्याला ते कळायचं.

“वेचता नाही आलं त भावाच्या घरी खाऊ कोन्या तोंडानं?” ती मला म्हणाली होती. मी तिच्या हातातलं बोंड घेऊन त्यातला पाला काढत बसले.

त्या हिवाळ्यात वाशिमला एका धर्मशाळेत डोळ्यांचा क्यांप लागला. मोठा डॉक्टर बाहेरून येणार, तीन दिवस राहणार, ज्यांचा मोतीबिंदू पिकला त्यांचं ऑपरेशन तिथेच करणार, अशी दवंडी बाजारात झाली. वडिलांनी आम्हा दोघींना गाडीतून नेऊन सोडलं. मला सोबत पाठवलं ते एवढ्याचसाठी की मला वाचता येत होतं. माझ्या शाळेवर वडिलांचा पहिल्यापासून राग. “पोरीच्या जातीले कायले पाह्यजे?” हे त्यांचं पालुपद. आत्याच दरवेळी मध्ये पडायची, “चिट्टीचपाटी त वाचंल घरची, राहू दे.” आता तिचं म्हणणं खरं ठरायची वेळ आली होती, आणि मी त्या तोऱ्यातच होते.

दारात एक बाबू जाड रजिस्टर घेऊन बसला होता. नाव विचारायचा, लिहायचा आणि हातात चिठ्ठी द्यायचा. आत्याला सतरा लंबर मिळाला. दुपारपर्यंत आत जाणं होणार होतं. आमच्या शेजारी आसेगावकडची एक बुढी बसली होती, तिचा ब्याण्णव, म्हणजे दुसऱ्या दिवशी. दोघींचं तासाभरात असं जमलं की एकीच्या भाकरीवर दुसरीची चटणी आली. तेवढ्यात बुढीचा पोरगा धापा टाकत आला. घरी सून अडली होती, सुईण घाबरली होती, आईने आत्ताच्या आत्ता घरी चलावं म्हणत होता. बुढी एकदा आतल्या दाराकडे पाही, एकदा पोराकडे. पुढचा क्यांप कधी लागेल कोण जाणे.

आत्याने चिठ्ठी माझ्यापुढे धरली. “पाह्य वं, याच्यावर काय लिवलं हाये? लंबरच ना नुसता?”

मी पाहिलं. वर ठळक सतरा. खाली बाबूच्या अक्षरात काहीतरी गिचमिड होतं, ते मी लावून वाचलंच नाही. भूक लागली होती, कंटाळा आला होता आणि मी पहिल्या लंबरात पास होणारी पोरगी होते. “लंबरच हाये,” मी म्हटलं. “दे.”

आत्याने सतरा तिला दिला, ब्याण्णव आपण घेतला. बुढी आत जाऊन डोळा दाखवून आली, आत्याच्या हातांवर कपाळ टेकवलं आणि पोरामागे निघून गेली. दुसऱ्या दिवशी ब्याण्णवचा पुकारा झाला तेव्हा आम्ही आत गेलो. डॉक्टरांनी बत्ती धरून डोळा पाहिला, शेजारच्या बाबूला इंग्रजीत एक शब्द सांगितला, त्याने तो लिहिला. “काय म्हने?” मी विचारलं. “काय की,” आत्या म्हणाली, “पन हात मऊ होता त्याचा.”

तिसऱ्या दिवशी सकाळी वडील आले आणि बाबू यादी वाचायला उभा राहिला. त्याने लंबर वाचले आणि प्रत्येक लंबरापुढे नाव वाचलं. सतरा, आणि माझ्या आत्याचं नाव. मोतीबिंदू कच्चा, पुढच्या साली या. मग कितीतरी नावं, आणि ब्याण्णवला त्या बुढीचं नाव. पिकलेला, ऑपरेशन आज. बाबूने ते नाव तीनदा पुकारलं. ती तिकडे आसेगावला. बाबूने रेघ मारली आणि पुढचं नाव घेतलं.

ते गिचमिड म्हणजे नाव होतं. मी लावून वाचलं असतं तर तिथेच कळलं असतं की ही घागर नव्हे. आताही एक वाक्य पुरलं असतं, बाबूजी, चिठ्ठ्या बदलल्या होत्या, हिचा डोळा एकदा फिरून पाहा. डॉक्टर पंधरा पावलांवर आत होता. पण वडील माझ्या शेजारी उभे होते, आणि चिठ्ठी कोणी वाचली हे त्यांनी पहिल्यांदा विचारलं असतं. मी पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिले.

“चला, कच्चा हाये म्हन्ते,” वडील म्हणाले. आत्या माझा खांदा धरून गाडीत बसली.

पुढच्या साली क्यांप आलाच नाही. त्याच्या पुढच्या साली आत्याचा डोळा लाल होऊन सुजला, ठणका लागला, ती चार दिवस डोकं दाबून पडली होती. अकोल्याच्या डॉक्टरने सांगितलं की फार पिकू दिला, आता उजेड गेला तो गेला. आत्या पुढे पुष्कळ वर्षं जगली. सरकी चाचपायची, पोरं सांभाळायची, कोणावर चिडचिड नाही. चिडचिड मीच करायची, तिने पाणी सांडलं तरी आणि नाही सांडलं तरी.

मला शिक्षिकेच्या नेमणुकीचा कागद आला त्या दिवशी घरात पेढे वाटणं चाललं होतं. मी तिला परसात नेऊन सगळं सांगून टाकलं. चिठ्ठी मी नीट वाचली नव्हती. पिकलेला डोळा तिचाच होता.

“मले मालूम हाये,” ती म्हणाली. “बाबूनं त्या बुढीचं नाव घेतलं तवाच समजलं.”

“मंग बोलली काहून नाही?” मी अक्षरशः ओरडले.

“तुहा बाप बाजूले उभा होता ना. चार वर्सं शिकून पोरीले एक चिट्टी वाचता येत नाही म्हनला असता. दुसऱ्या दिवशी तुह्या शाळेचं नाव निघालं नसतं.”

“पन मले इचारायचं त होतं आत्या. डोया तुहा होता.”

तिने माझा हात शोधून धरला आणि अगदी साधेपणाने म्हणाली, “इचारलं असतं त काय म्हनली असती?”

तिने विचारलं नव्हतं, तरी त्या सकाळी गप्प उभी राहून मी तिला ‘बोलू नको’ हेच सांगितलं होतं.