परत मागवलेली बॅच

दुकानातलं बाहेर सांगायचं नाही, असं आईने मला बजावलंय. पण काउंटरमागे बसून अभ्यास करताना कान काही बंद करता येत नाहीत. मी फारशी बोलत नाही, म्हणून लोक माझ्यासमोर खुशाल बोलतात आणि किस्से साचत जातात. सांगतेच.

चारकोपला आईचं औषधांचं दुकान आहे. ती स्वतः फार्मासिस्ट. मध्यंतरी कंपनीचा निरोप आला, की ब्लड प्रेशरच्या एका गोळीची एक बॅच तपासणीत नापास झालीय. गोळी पोटात विरघळतच नाही, म्हणजे घेऊनही न घेतल्यासारखी! दुकानातला माल आईने लगेच बाजूला काढला. पण विकलेल्या स्ट्रिप्स लोकांच्या घरी होत्या. बिलांवर बॅच नंबर आणि फोन नंबर असतात. त्यावरून तिने एकेकाला फोन लावायला घेतला.

पहिलाच फोन. “मेडिकलमधून बोलतेय. स्ट्रिपवरचा नंबर वाचून दाखवता का?”

“ओटीपी मी कुणाला देत नाही!” फोन कट.

शेवटी आई पांढरा कोट घालून त्या गृहस्थांच्या दारात उभी राहिली. साखळी न काढता ते म्हणाले, “आधी सांगा, केवायसी नाही ना?”

कांबळेकाकू एक डबीच घेऊन आल्या. आईने विचारलं, “स्ट्रिप कुठाय?”

“फेकली ना! गोळ्या आणल्या की सगळ्या फोडून ह्यात भरते. जुन्या-नव्या एकत्र.”

त्यातली नापास कुठली, हे कुणालाच कळलं नसतं. आईने सगळ्याच बदलून दिल्या. काकू खूश. “असं दर महिन्याला करा ना, मॅडम!”

सावंत आजोबा मालवणचे. त्यांनी स्ट्रिप खिशात घट्ट धरली. “ह्या गोळ्यांनी माका बरा वाटता. मी देवचंय नाय!”

आईने तिथेच त्यांचं प्रेशर मोजलं आणि वाढलेला आकडा दाखवला. आजोबा म्हणाले, “तुझा मशीन बिघडला गो!” पण स्ट्रिप दिली.

उरली एकच, गायकवाडकाकांची. डॉक्टरांनी त्यांना गोळी नवीनच सुरू केली होती. फोन लागेना, घराला कुलूप. आईला जेवण जाईना. “माझ्या हातून गेलीय गं ती स्ट्रिप,” एवढंच म्हणायची.

मग एका दुपारी गायकवाडकाकू आल्या. काका गेले होते. गावी सगळं आटोपून त्या परतल्या होत्या. त्यांनी स्ट्रिप काउंटरवर ठेवली. “दाराला तुमची चिठ्ठी होती. ह्या गोळीनेच गेले का हो ते?”

आईने स्ट्रिप उलटी करून पाहिली. बॅच तीच होती. पण एकही गोळी फोडलेली नव्हती.

काकूंनीही ते तेव्हाच पाहिलं. “रोज विचारायचे मी, घेतली का? म्हणायचे, घेतली.”

दुकानात आम्ही तिघीच होतो.

“मॅडम, घेतल्या असत्या तर वाचले असते?”

आई काउंटरच्या बाहेर आली. “काकू, आधी बसा,” म्हणाली, आणि मग काकूंचा हात धरून तिने… थांबा, आई हाक मारतेय.

आले गं आई, आले!