डोहात ऐकणारा भाऊ

आम्ही गोदावरीकाठचे ढिवर, मासे मारून जगणारे. आमच्यात नदीबद्दल खोटं बोलत नसत. काठावर येऊन कुणीही विचारलं, "मासा कुठी हाये?" तर खरं सांगायचं, लपवलं तर जाळं रिकामं येतं, असा समज. त्या समजाला मी अजून शिव्या घालतो.

सन पन्नासनंतर सिरोंच्याकडे रस्त्याचं काम निघालं. तिथल्या मुकादमानं विचारलं, तसा मी सरळ बोट करून डोह दाखवला. मला वाटलं, गळ घेऊन येईल.

माझा थोरला भाऊ कानानं मासे धरायचा. जाळं टाकण्याआधी डोहात बुडी मारून तो नुसता ऐकायचा. शिंगाळा मासा पाण्यात कुरकुरतो. कुठल्या अंगाला किती, ते भाऊ वर येऊन सांगे आणि आम्ही तिथेच जाळं फेकत असू. सगळ्या ढिवरपुऱ्याच्या चुली त्याच्या कानांवर पेटायच्या.

डोह दाखवला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ पाण्याखाली होता. समोरच्या कड्यावरून मुकादमानं खडक फोडायचा सुरुंग पेटवून खाली टाकला. पाणी झाडाएवढं उसळलं. पोटं फुटलेले मासे वर आले आणि त्यांच्यात भाऊ, दोन्ही कानांतून रक्त वाहत असलेला. मी आणि वहिनीनं त्याला ओढून नावेत घेतलं. मी नाव पलीकडे घातली आणि मासे गोळा करायला खाली उतरलेल्या मुकादमाचा जबडा वल्ह्यानं फोडला. पडल्यावरही मारतच राहिलो. वहिनीनं नावेतून धावत येऊन मला आवरलं, नाहीतर तो मेलाच असता. मेला असता तरी मला काही वाईट वाटलं नसतं.

पुऱ्यातले सगळे वल्ही घेऊन रस्त्याच्या साहेबासमोर उभे राहिले, तेव्हा डोहातले सुरुंग थांबले. मग पंचांनी आम्हालाही बांधून घेतलं: पाणी बडवून मासे हाकायचे नाहीत, विणीच्या दिवसांत काठावर ढोल नाही. दोन पावसाळ्यांनी शिंगाळे परतले. वहिनी बुडी मारून ऐकायला शिकली, पण तिला भावासारखं जमेना.

एकदा मी आणि भाऊ जाळं सांधत बसलो होतो. किती दिवस सांगायचं राहिलं होतं, ते बोलून टाकलं. "भाऊ, त्याले डोह मीच दाखवला होता."

माझे ओठ हललेले पाहून तो हसला. "मोठ्यानं बोल ना रे, मले काई आयकू येत नाई."

दुसऱ्यांदा सांगायची माझी छाती झाली नाही. मी हातानंच खूण केली, जेवायला चल.