चौकच्या सभेत आईनं हात वर केला

मंडळी, आज ऑफिसचं काम थेट माझ्या माहेरी, चौकच्या कोळीवाड्यात निघालं. मी सरकारच्या मत्स्यखात्यात धोरणांचे मसुदे लिहिते. पापलेटची पिल्लं वाचावीत म्हणून बारीक आसाची, म्हणजे लहान भोकांची जाळी बंद करायचा मसुदा आज कोळ्यांपुढे मांडला.

बोट चालवणारे एक तांडेलकाका भडकले, "मंग आमी खायाचं काय?"

"काका, पिल्लंच संपली तर मोठं पापलेट येणार कुठून? नव्या जाळ्यांसाठी मदतही यात लिहिलीय."

मग मी मसुदा मान्य असणाऱ्यांना हात वर करायला सांगितलं. तेवढ्यात माझी आई उठली. ती मासळी विकते आणि घरी याच मुद्द्यावर माझ्याशी भांडायची.

"माजी पोर हाय म्हणून न्हाय, पटलं म्हणून हात वर करते," ती म्हणाली.

मग बरेच हात वर झाले. आज खूप अभिमान वाटतोय.

तुमच्या कामाला घरच्या कुणी अशी चारचौघांत दाद दिलीय का?